शब्दांचे धनी : व्यापारवार्ता आणि इंग्रजीचा अभ्यास

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमधून मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेली शेतकऱ्यांची आणि मजुरांची हजारो मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करीत बसलेली असतात. त्यांच्यापैकी अनेकांचा दिवस इंग्रजी दैनिकाने सुरू होतो. परराष्ट्र संबंध किंवा आंतरराष्ट्रीय व्यापार यांवरील एखादी बातमी अथवा अग्रलेख समोर घ्यावयाचा, अडलेल्या शब्दाखाली रेघ ओढावयाची, वहीत डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ उतरवून काढावयाचा, असा हा परिपाठ आहे. शिकवणीवाले तर अशा शब्दांच्या तयार याद्याच विकतात. पद्धत म्हणून यात वावगे काहीच नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्यांना वाक्ये सुटी सुटी मिळत. आजच्या मुलाला तोच शब्द जगाच्या चालत्या व्यवहारात भेटतो, आणि व्यवहारात भेटलेला शब्द सहसा विसरला जात नाही. खेड्यातील ज्या मुलाने घरी कधी इंग्रजी ऐकलेले नाही, त्याला इतका स्वस्त आणि इतका सकस पाठ दुसरा मिळणे कठीण.

अडचण आहे ती उजवीकडच्या रकान्याची. तेथे शब्दाचा अर्थ म्हणून जे उतरवले जाते त्यात अर्थाबरोबर एक निवाडाही येतो, आणि तो निवाडा कोणी दिला हे वहीत कोठेच नोंदलेले नसते. ‘रिफॉर्म’ म्हणजे सुधारणा, ‘पॉप्युलिस्ट’ म्हणजे लोकानुनयी, ‘फ्लेक्झिबल’ म्हणजे लवचीक. पहिले चांगले, दुसरे वाईट, तिसरे पुन्हा चांगले. कामगाराला केव्हाही काढून टाकण्याच्या मुभेला ‘लवचीकता’ म्हणतात हे त्या मुलाला कळण्याच्या आतच लवचीकता हा गुण आहे, असे त्याच्या मनात पक्के होऊन बसते. बाप गिरणीत किंवा शेतात राबलेला, आणि मुलाच्या वहीत मात्र मालकाचा कोश.

‘रिफॉर्म’ हाच शब्द घ्या. महाराष्ट्रात सुधारणा या शब्दाला जे वजन आहे ते आगरकरांच्या ‘सुधारक’पासून, 1888 सालापासून कमावलेले आहे. त्याही आधी जोतीराव फुल्यांनी आपल्या कृतीने ते कमावले. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘लँड रिफॉर्म’ हा शब्द वारंवार येऊ लागला तेव्हा त्याचा अर्थ कुळकायदा, कमाल जमीनधारणेचा कायदा, कसेल त्याची जमीन असा होता. 1991 नंतर ‘रिफॉर्म’ म्हणजे आयातीवरील बंधने उठविणे, सार्वजनिक उद्योगांचे भाग विकणे, जमीन खरेदीचे नियम सैल करणे. शब्द तोच आहे, त्याची पुण्याईही तीच आहे. केवळ ती पुण्याई दुसऱ्याच कामाला जुंपली गेली आहे. शब्दकोश उघडून हा फरक सापडत नाही. तो जुनी वर्तमानपत्रे चाळूनच सापडतो.

परंतु या सगळ्या शब्दांत ज्याचा इतिहास सर्वांत बोलका आहे, आणि ज्याच्यावाचून शेतमालाच्या जागतिक व्यापाराची एकही बातमी पुरी होत नाही, तो शब्द ‘सबसिडी’ हा होय. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ राखीव फौज, मदतीला येणारी कुमक. पुढे युरोपात एका राजाने दुसऱ्या राजाला फौजेच्या खर्चासाठी दिलेल्या पैशाला हे नाव मिळाले. महाराष्ट्राशी या शब्दाची गाठ पडली ती शेतीच्या निमित्ताने नव्हे. 31 डिसेंबर 1802 रोजी वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाची मोहोर उठली, आणि कंपनी सरकारची पायदळ पलटणे कायमची ठेवून घेऊन त्यांच्या खर्चापोटी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशव्याने तोडून दिला. मराठी इतिहासकार जिला तैनाती फौज म्हणतात तिचे इंग्रजी नाव ‘सबसिडियरी फोर्स’, आणि तिच्यासाठी देशी राजाने कंपनीला द्यावयाचा पैसा म्हणजे ‘सबसिडी’. म्हणजे या भूमीत सबसिडी प्रथम आली ती दुबळ्याने बलवानाला द्यावयाची रक्कम म्हणून. घेणारी होती जगातील सर्वांत मोठी व्यापारी कंपनी, आणि देणारा अखेर तो मुलूख कसणारा शेतकरी. हा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो पुढे ‘सबसिडी’ हा शब्द वाचताना प्रत्येक वेळी थांबून विचारील की कोण कोणाला देत आहे?

आणि हा प्रश्न विचारण्याची वेळ फार लवकर येते. डिसेंबर 1991 मध्ये गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी आपला मसुदा मांडला, आणि बघता बघता ‘डंकेल’ हा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मराठी शब्द झाला. 15 एप्रिल 1994 रोजी मराकेश येथे करारावर सह्या झाल्या, 1 जानेवारी 1995 पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. या कराराच्या शेतीविषयक भागात सबसिडीचे रंग पाडलेले आहेत. हिरव्या पेटीतील सबसिडी निर्दोष, पिवळट पेटीतील सदोष. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांच्या खात्यांत उत्पादनाशी संबंध न ठेवता जे पैसे जमा करतात ते हिरव्या पेटीत जाऊ शकतात. भारताने ठरवलेल्या हमीभावाने धान्य विकत घेतले की ती खरेदी पिवळट पेटीत जाते. रंगांची ही निवड निष्पाप नाही हे सांगावयास इंग्रजीच्या पंडिताची गरज नसावी.

खरी मेख मात्र रंगात नाही, हिशेबात आहे. हमीभावाने केलेल्या खरेदीतील ‘सबसिडी’ मोजताना आजच्या हमीभावाची तुलना आजच्या जागतिक भावाशी होत नाही. ती 1986 ते 1988 या तीन वर्षांतील भावाशी होते. तो भाव करारात गोठवून ठेवलेला आहे. मधल्या काळात रुपया किती घसरला, खताची आणि डिझेलची किंमत किती पटींनी वाढली, याला तेथे जागा नाही. त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती एक पैसाही जादा न पडता कागदावर सबसिडी फुगत जाते. 2018-19 या वर्षाच्या तांदळाच्या बाबतीत भारताने दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे स्वतःच कळवले आणि 2013 साली बाली येथे मिळालेल्या ‘पीस क्लॉज’चा, म्हणजे शांतता कलमाचा आधार घेतला. इंग्रजी बातमीत हे सारे एका वाक्यात येते : भारताने सबसिडीची मर्यादा ओलांडली. हे वाक्य वहीत उतरवून घेणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला वाटते की आपल्या बापाने मर्यादेबाहेर काहीतरी उचलले आहे. शांतता कलम हे नावसुद्धा पाहण्यासारखे आहे. स्वतःच्या रेशन दुकानासाठी धान्य खरेदी करणे हे जणू युद्ध, आणि त्याला तात्पुरती दिलेली माफी म्हणजे शांतता!

या बाबतीत शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. डंकेल प्रस्तावाचे त्यांनी केलेले समर्थन समाजवाद्यांना मान्य नव्हते आणि आजही मान्य होण्यासारखे नाही. जो बाजार मोकळा म्हणवतो तो दुर्बळाला कधी मोकळा नसतो, हे त्यांनी पुरेसे लक्षात घेतले नाही. तथापि त्यांनी ‘उणे सबसिडी’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी बसवला, ही गोष्ट मोठी आहे. भारत सरकारनेच गॅटला सादर केलेल्या आकड्यांत शेतमालाला मिळणारा आधार शून्याच्या खाली जात होता. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नव्हते, त्याच्याकडून काढून घेत होते. हा अर्थ इंग्रजी तक्त्यात एका उणे चिन्हाच्या रूपाने दडलेला होता. तो चव्हाट्यावर आला तो कोणीतरी इंग्रजी तक्ता वाचून मराठीत विचार केला म्हणून.

याच कामाचा त्याहून थोर नमुना म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा 1923 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ. रुपयाचा विनिमयदर हा त्या काळी व्यापारवार्तेचा रोजचा विषय होता. रुपया एक शिलिंग चार पेन्सचा असावा की एक शिलिंग सहा पेन्सचा, यावर राष्ट्रीय चळवळीतही मोठा वाद माजला. रुपया उतरला की निर्यात वाढते, निर्यात वाढली की देशाचे भले होते, असा युक्तिवाद पुष्कळजण करीत. आंबेडकरांनी त्या ‘देशाचे’ या शब्दावरच बोट ठेवले. रुपया उतरला की भाव चढतात, मजुरी मात्र भावांच्या मागे रखडत येते. तेव्हा निर्यातदाराला जो नफा होतो तो परदेशी गिऱ्हाइकाकडून येत नाही, येथल्याच मजुराच्या पोटातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. 1925 साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हा वर्गाचा प्रश्न सोडला नाही. 6 जून 1966 रोजी अवमूल्यन झाले, डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. जुलै 1991 मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झाले. दोन्ही वेळा ‘डिव्हॅल्यूएशन’ हा शब्द शिकलेल्यांची संख्या मोठी होती. त्याची किंमत कोणी चुकती केली हे विचारणाऱ्यांची संख्या त्या मानाने फार थोडी.

व्यापारवार्तेतील इंग्रजी शिकताना नामांपेक्षा क्रियापदे अधिक सांभाळावी लागतात, ही गोष्ट कांद्याच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येते. कांद्याचा भाव उतरला की इंग्रजी दैनिक लिहिते, प्राइसेस ‘ईज’ झाल्या. ‘ईज’ म्हणजे हलके होणे, सैल पडणे, आराम वाटणे. दुखणे उतरले तरी इंग्रज हेच क्रियापद वापरतो. लासलगावच्या बाजार समितीत मात्र त्याच दिवशी भाव पडतो, गडगडतो, कोसळतो. घटना एक, एका भाषेने ती गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातून पाहिली, दुसरीने लिलावाच्या ओट्यावरून. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती सर्व खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला. तेथे कोणाला आराम पडला, हे सांगणारे क्रियापद इंग्रजीत नाही असे नाही; त्या पानावर ते वापरले जात नाही, इतकेच.

त्याच वर्षी 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसले. ऑक्टोबरअखेर प्रतिटन 800 डॉलरचे ‘मिनिमम एक्सपोर्ट प्राइस’ आले, आणि 8 डिसेंबरला निर्यातच बंद झाली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. बंदी उठली ती 4 मे 2024 रोजी, तीही 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क कायम ठेवून. शुल्क संपूर्ण जाण्यास 1 एप्रिल 2025 उजाडावा लागला. या साऱ्या बातम्यांत ‘मिनिमम’ हा एकच शब्द दोन ठिकाणी येतो. ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’मधील किमान हे शेतकऱ्याच्या बाजूने उभे असते, त्याच्याखाली भाव जाऊ नये म्हणून. ‘मिनिमम एक्सपोर्ट प्राइस’मधील किमान त्याची वाट अडवून उभे असते, त्याच्याखाली माल जाऊ नये म्हणून. अर्थाच्या रकान्यात दोहोंपुढे ‘किमान’ एवढेच लिहिणारा विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होईलही. बाजार समितीच्या आवारात तो फसेल.

काही शब्द तर एकाच तोंडाने दोन्हीकडे बोलतात. तालुक्याच्या कचेरीत ‘सँक्शन’ झाले म्हणजे कर्ज मंजूर झाले, हे निरक्षर माणूसही जाणतो. परराष्ट्र वार्तेत तोच शब्द अनेकवचनी झाला की एखाद्या देशाची औषधेसुद्धा अडवतो.

जकातीला इंग्रजीत ‘टॅरिफ’ म्हणतात. हा शब्द अरबीतून युरोपात गेला. तेथे त्याचा अर्थ जाहीर करणे, माहिती देणे. आपल्याकडची ‘तारीफ’ त्याच घराण्यातली. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी हा शब्द कोशातील सर्वांत सुंदर शब्द असल्याचे म्हटले होते, तेव्हा तारीफ हे नाते त्यांना ठाऊक असण्याचा संभव कमी. 2 एप्रिल 2025 रोजी त्यांनी जगातील बहुतेक देशांवर ‘रेसिप्रोकल’, म्हणजे परस्पर किंवा तोडीस तोड, जकाती जाहीर केल्या. हातातल्या फलकावर भारतापुढे 52 आणि 26 असे आकडे होते. कोणाचीही अशी समजूत व्हावी की भारत 52 टक्के जकात घेतो आणि अमेरिका उदारपणे निम्मीच घेणार. वस्तुस्थिती अशी की तो 52 हा जकातीचा आकडाच नव्हता. अमेरिकेची त्या देशाशी असलेली व्यापारी तूट भागिले त्या देशाकडून झालेली आयात, असा तो भागाकार होता, आणि त्याचे अर्धे करून पुढचा आकडा काढला होता. ‘रेसिप्रोकल’चा कोशातील अर्थ अचूक पाठ असणारा माणूसही येथे चकला असता, कारण तो शब्द त्या फलकावर आपल्या अर्थाने आलेलाच नव्हता. पुढे 27 ऑगस्ट 2025 पासून रशियन तेलाच्या खरेदीचे कारण देऊन भारतीय मालावर एकूण 50 टक्के जकात लागू झाली, त्या वेळी तर तोडीस तोड हा देखावाही उरला नाही.

हे सारे ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील की मग इंग्रजीच नको. समाजवादी चळवळीत इंग्रजी हटविण्याची हाक फार जुनी आहे, आणि ती देणारे राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये जर्मन शिकून मिठावरील कराच्या विषयावर पदवीचा प्रबंध लिहिणारे होते. परकी भाषा येऊ नये, असे त्यांचे म्हणणे कधीच नव्हते. इंग्रजी न येणाऱ्याच्या डोक्यावर इंग्रजीचे राज्य असू नये, हे त्यांचे म्हणणे होते, आणि ते आजही तंतोतंत खरे आहे. दुसऱ्या बाजूने सावित्रीबाई फुल्यांनी 1854 च्या आपल्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजीला माउली म्हटले, तेही शूद्रातिशूद्रांना पेशवाईत मिटलेले दार ज्या भाषेने किलकिले झाले तिच्याविषयीच्या कृतज्ञतेने. या दोन भूमिकांत ज्यांना विरोध दिसतो त्यांनी इंग्रजी कोणाच्या हातात, हा प्रश्न सोडून दिलेला असतो. जून 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. परंतु जागतिक व्यापाराचा करार, निर्यातबंदीची अधिसूचना, बियाणे कंपनीशी केलेल्या कराराची कलमे वाचू शकेल इतकी इंग्रजी गावात आली, असे कोणी म्हणणार नाही. तोवर हे कागद गावाच्या वतीने वाचणारा माणूस कंपनीचा तरी असतो किंवा दलाल तरी.

इंग्रजी शिकून ती राज्यकर्त्यांवरच उलटविणारे पहिले लोक याच मुंबईतले होते. 1841 साली ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजांच्या पत्रात ‘अ हिंदू’ या सहीने आठ पत्रे प्रसिद्ध झाली. लेखक भास्कर पांडुरंग तर्खडकर, मराठी व्याकरणकार दादोबांचे धाकटे बंधू, वय अवघे पंचविशीचे. व्यापाराच्या रूपाने या देशाची संपत्ती कशी बाहेर वाहून जाते हे त्यांनी इंग्रजांना त्यांच्याच शब्दांत सुनावले. दादाभाई नौरोजींचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला 1901 साली. म्हणजे त्याच्या साठ वर्षे आधी. कार्ल मार्क्सची गोष्टही निराळी नाही. न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’साठी सुरुवातीला तो एंगल्सकडून भाषांतर करून घेई; 1853 मध्ये तो स्वतः इंग्रजीत लिहू लागला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातील ब्रिटिश सत्तेवरचे त्याचे लेख त्या पत्रात आले. पार्लमेंटचे अहवाल आणि व्यापाराच्या बातम्या हीच त्याची पाठमाला.

शिवाय इंग्रजी कोशातील सगळेच शब्द मालकांनी घडविलेले नाहीत. 1880 साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याचे पीक कापावयास कुळांनी नकार दिला, दुकानदाराने त्याला माल दिला नाही, आणि थोड्याच महिन्यांत त्याचे आडनाव हे क्रियापद झाले. पंचवीस वर्षांनी ते टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार म्हणून आले. बंगालच्या कामगारांचा ‘घेराव’ असाच इंग्रजी कोशात गेला. अर्थात येथेही धनी कोण हे पाहावेच लागते. गावकीने दलितांवर टाकलेला बहिष्कार हा त्याच शब्दाचा दुसरा चेहरा. तो रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2016 साली कायदा करावा लागला.

तेव्हा मित्रहो, वहीतले दोन रकाने तसेच राहू द्यावेत. त्यांना आणखी दोन जोडावेत. तिसऱ्यात हा शब्द बातमीत कोण उच्चारतो आहे ते लिहावे : मंत्री, निर्यातदारांची संघटना, परदेशी बँक, की शेतमजूर. चौथ्यात त्या वाक्यातील क्रियेचा भार कोणावर पडतो ते लिहावे. बहुतेक वेळा चौथा रकाना भरण्यासाठी बातमीत काहीच सापडणार नाही, आणि मग तीच बातमी मराठी जिल्हा दैनिकात शोधावी लागेल. इंग्रजीचा हा अभ्यास थोडा सावकाश होतो. दिवसाला वीस शब्दांऐवजी चार होतील.

आज दुपारच्या बैठकीसाठी 18 ऑगस्ट 2025 ची केंद्र सरकारची अधिसूचना निवडली आहे. तिने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क 30 सप्टेंबरपर्यंत माफ केले आणि पुढे ही मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. इंग्रजी पत्रांतून ‘वस्त्रोद्योगाला रिलीफ’ अशी तिची बातमी झाली. विदर्भातला कापूस याच मुदतीत वेचणीला येतो. अधिसूचनेच्या आणि बातमीच्या प्रती मागच्या बाकावर ठेवल्या आहेत. जोडीजोडीने वाचावे, आणि ‘रिलीफ’ या शब्दापुढचा चौथा रकाना यवतमाळहून आलेल्या मंडळींनी आधी भरावा.